पहिली वेलांटी

शनिवारच्या कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज कोणी लिहायचा, यावरून आमच्या बँडमध्ये पहिलं भांडण झालं. रॉक अँड रोल वाजवणाऱ्या माणसाने मुळात अर्ज करावाच का, असा डॉक्टरांचा तात्त्विक मुद्दा होता. रॉक अँड रोल म्हणजे बंड, आणि बंड काय खिडकीवर रांग लावून करायचं असतं? मुद्दा बिनतोड होता. पण हॉलच्या मॅनेजरांना तत्त्वज्ञानात रस नव्हता. "शिक्क्याचा कागद आणा आणि किल्ली न्या," एवढं बोलून त्यांनी किल्ली पुन्हा खिळ्याला लटकवली होती. तेव्हा बंड शनिवारपर्यंत पुढे ढकलून अर्जाचं काम माझ्या गळ्यात मारण्यात आलं. कारण काय, तर मी वाचनालयात नोकरीला आहे आणि माझा कागदाशी संबंध येतो. म्हणजे उद्या रद्दीवाल्यालाही कादंबरी लिहायला सांगतील हे लोक.

बँड म्हणजे आम्ही चौघं. डॉक्टर दातांचे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बसतात आणि संध्याकाळी गिटार हातात घेतली की स्वतःचं बंद होत नाही. दुसऱ्या गिटारवर त्यांची बायको. शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. गातातही त्याच. ड्रमवर टेलरमास्तर. तीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवल्यामुळे त्यांचा उजवा पाय झोपेतसुद्धा ताल सोडत नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही. आणि तिसऱ्या गिटारवर मी. चार जाड तारांची, खर्जातली गिटार.

आता माझ्यासारखा माणूस या भानगडीत का पडला? तर ऐका. सव्वीस वर्षं मी वाचनालयात बसून लोकांना गप्प करतोय. खुर्ची सरकली की माझी मान वर, कोणी खोकलं की माझी भुवई वर. सव्वीस वर्षं कुजबुजून कुजबुजून माझा घसा असा झालाय की मी रिक्षाला हात न करता नुसती हाक मारली, तर रिक्षावाला सोडा, शेजारी उभा असलेला माणूससुद्धा वळून बघत नाही. मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, दणदणीत आवाज करायचा होता. खिडक्या थरथरतील असा. आणि तो आवाज माझा आहे, हे समोरच्यांना कळायला हवं होतं. बस, एवढीच इच्छा. बंगला मागत नव्हतो.

अडचण अशी, की खर्जाची गिटार कोणाला ऐकूच येत नाही. आमचा सराव डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटांच्या बाकांवर बसून चालायचा. डॉक्टरांच्या स्पीकरला दोनच भोकं. एकात ते, एकात बाई. माझ्या वाट्याला स्पीकरची एक डबी आली होती, आकाराने साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी. तीन महिने मी तिच्यातून जीव तोडून वाजवत होतो. शेवटी एकदा टेलरमास्तरांनी अत्यंत प्रेमाने विचारलं, "तुम्ही कधीपासून सुरू करताय?" घरी रोज सकाळी तासभर सराव करायचो, तर बायको म्हणाली, "अहो, त्या फ्रीजवाल्याला बोलवा एकदा. आतून काहीतरी गुरगुरतं." कलावंताने किती गिळायचं याला मर्यादा नसते.

म्हणून शनिवारचा कार्यक्रम माझ्यासाठी जीवन-मरणाचा प्रश्न होता. डॉक्टरांनी त्या दिवसासाठी मोठे स्पीकर भाड्याने ठरवले होते. माणसाएवढे उंच, चार. त्यातला एक अख्खा माझा! डॉक्टरांनी तसं वचनच दिलं होतं. स्पीकरवाल्याच्या गोदामात जाऊन मी त्या स्पीकरवर हात फिरवून आलो होतो. कोणाला सांगू नका.

तर अर्ज. आमच्या खालच्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना अख्खी इमारत कायदेकाका म्हणते. कुकरची शिट्टी किती वेळा वाजवणं कायदेशीर आहे, हेही त्यांना माहीत आहे. मी त्यांना नुसतं जिन्यात विचारलं, तर ते मला हाताला धरून घरात घेऊन गेले.

"रॉक अँड रोल हा शब्द अर्जात घालायचा नाही," काकांनी पहिल्याच वाक्यात निकाल दिला. "अधिकारी दचकतो. साधं लिही. वाद्य काय?"

"गिटार. तीन. आणि ड्रम."

"ड्रम गाळ. ड्रम म्हटलं की पाण्याचा की तेलाचा, हे विचारतील. नुसती तीन गिटारे लिहू."

"गिटारे? काका, ती गिटार ना?"

"सरकारी भाषेत वस्तू नपुंसकलिंगी असली की भांडण होत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी आपल्या वळणदार, कोणालाही न लागणाऱ्या अक्षरात अर्ज लिहून काढला.

तो टाइप करायला मी नगरपालिकेच्या कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो. त्याच्या टेबलावर पाटी होती: 'शुद्धलेखन तपासून मिळेल.' ती पाटी वाचून माझं ऊर भरून आलं. या काळात असा माणूस! सव्वीस वर्षं पुस्तकांतल्या छापील चुका पेन्सिलीने दुरुस्त करणारा मी, त्याच्या पाटीवर विश्वास ठेवून न वाचता सही करून मोकळा झालो. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही, शरमेने सांगतोय.

कारण मला जे चार दिवसांनी कळलं, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. तो टायपिस्ट बिचारा वीस वर्षं त्या झाडाखाली बसून तक्रारअर्ज टाइप करत होता. नळाचे, खड्ड्यांचे, कचऱ्याचे आणि गटारांचे. त्याच्या बोटांखालून 'गिटार' हा शब्द जन्मात गेला नव्हता. काकांच्या अक्षरात त्याला 'गिटारे' दिसलं, आणि इतक्या म्हाताऱ्या माणसाला साधं 'गटारे' लिहिता येऊ नये, याची त्याला कीव आली. त्याने ग वरची पहिली वेलांटी शांतपणे काढून टाकली. एकदा नाही, तिन्ही ठिकाणी. पाटीला जागला माणूस.

तर मी जो कागद खिडकीत दिला, त्याचा विषय होता: 'तीन गटारे मोठ्या आवाजात वाजण्याबाबत.' आणि मजकूर असा: 'येत्या शनिवारी सायंकाळी सात ते साडेनऊ या वेळेत उपरोक्त पत्त्यावर तीन गटारे एकाच वेळी मोठ्या आवाजात वाजणार असून परिसरातील नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित राहतील. तरी सदर गटारांबाबत योग्य ते सहकार्य मिळावे, ही विनंती.'

खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"शनिवारी सातलाच वाजणार, हे तुम्हाला आधीच कसं माहीत?"

"आम्हीच ठरवलंय," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "कधीपासून चालू आहे हे?"

"तीन महिने झाले. पण आतापर्यंत आतल्या आतच होतं. आता लोकांसमोर आणायचं म्हणतोय."

"तीन महिने! आणि आवाज कसा येतो?"

हा प्रश्न मला तीन महिन्यांत कोणी विचारला नव्हता हो! "दोनांचा खणखणीत येतो," मी काकांचं नपुंसकलिंग सांभाळत म्हणालो. "तिसऱ्याचा खोलातून येतो. खर्र, गुडूगुडू असा. खरं सांगू का, मॅडम, त्या तिसऱ्याकडे कोणी लक्षच देत नाही. वास्तविक सगळ्यांचा पाया तेच आहे."

"बरोबर आहे तुमचं. तुंबतं ते नेहमी खालूनच," त्या हळहळून म्हणाल्या. मला वाटलं, भावना तुंबण्याबद्दल बोलतायत. किती संवेदनशील बाई, असं मनात म्हणत मी पोच घेऊन घरी आलो.

दोन दिवसांत उत्तर आलं. दोन दिवसांत! त्यावर गोल शिक्का, चौकोनी शिक्का आणि लिहिलेलं काय? 'आपल्या अर्जाची गंभीर दखल घेण्यात आली असून नमूद दिवशी व वेळी संबंधित कर्मचारी यंत्रसामग्रीसह जागेवर हजर राहतील.' 

डॉक्टरांनी ते पत्र एका पेशंटच्या तोंडात कापूस ठेवलेला असताना मोठ्यांदा वाचून दाखवलं. "यंत्रसामग्रीसह! अरे, सरकार आपल्याला साउंड देतंय! कर्मचाऱ्यांसकट!" पेशंटनेही कापसाआडून अभिनंदन केल्यासारखं काहीतरी केलं. कायदेकाका म्हणाले, "कलांना उत्तेजन द्यायची तरतूद असते कुठेतरी. माणसाला अर्ज लिहिता आला पाहिजे." फक्त माझी बायको पत्र हातात घेऊन म्हणाली, "अहो, यात गाण्याचा शब्दच नाहीये कुठे." आम्ही सगळे तिच्याकडे पाहून समजूतदारपणे हसलो. चष्म्याच्या दुकानात काम करते ती. बारीक अक्षर वाचायची तिला सवय आहे, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

आणि त्याच दुपारी डॉक्टरांनी भाड्याचे स्पीकर रद्द करून टाकले.

शनिवार उजाडला. दिवसभर मी वाचनालयात बसून होतो, पण कसला बसतोय! पुस्तकांवर उलटे शिक्के मारले. दोन माणसं चक्क भांडली, तरी मला कळलं नाही. सहाला हॉलवर पोचलो. रंगाच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की एक लांबट खोली, ऐंशी खुर्च्या, आणि स्टेज म्हणजे दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं. पण काय सांगू, त्या स्टेजवर चढलो आणि मला ते पटांगणाएवढं वाटलं. टेलरमास्तरांनी चौघांसाठी चमकीचे शर्ट शिवले होते. मी चमकत होतो. मी! साडेसहाला माणसं यायला लागली. डॉक्टरांचे पेशंट, बाईंचे माजी विद्यार्थी, मास्तरांची गिऱ्हाइकं, आमची अख्खी इमारत आणि वाचनालयातले चार नियमित वाचक, जे सवयीने अगदी पाय न वाजवता येऊन बसले. खुर्च्या संपल्या. लोक खिडक्यांत बसले. पावणेसात वाजले.

"साउंडवाले आले!" खालून कोणीतरी ओरडलं.

आम्ही चौघं चमकत चमकत खिडकीकडे धावलो. खाली एक अजस्र टँकर उभा होता. त्याच्या पोटाला हत्तीच्या सोंडेएवढी जाड नळी गुंडाळलेली. सहा माणसं गमबूट घालून उतरत होती, आणि रस्त्यावर फलक लागला होता: 'काम चालू. रस्ता बंद.'

"हे... हे वेगळ्या प्रकारचे स्पीकर दिसतायत," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आशावाद मला कधी कधी असह्य होतो.

त्यांचे मुकादम वर आले. रुंद खांदे, हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेला कागद. "अर्जदार कोण?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी पुढे झालो. त्यांनी माझा शर्ट पाहिला आणि नजर कागदावर नेली, सभ्य माणूस. "तीन गटारं आहेत म्हणालात. इथे वरच्या मजल्यावर कुठे?"

मग तो कागद मी पहिल्यांदा वाचला. सगळ्यांसमोर. माझ्या खांद्यावरून हॉलचे मॅनेजर वाचत होते, त्यांच्या खांद्यावरून कायदेकाका, आणि काकांनी तर मोठ्यांदा वाचला. खिडकीत बसलेली आमची एक शेजारीण "काय म्हणाले? गटार?" म्हणाली आणि ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं. ऐंशी खुर्च्या आणि चार खिडक्या खदखदून हसल्या. सव्वीस वर्षं शुद्धलेखनावर जगलेला माणूस मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण खाली रंगाचं दुकान होतं.

मॅनेजर हसत नव्हते. "म्हणजे गाण्याची परवानगी नाहीच," ते म्हणाले. "मला नसता ताप नको. हॉल रिकामा करा."

बाई तावातावाने पुढे झाल्या, डॉक्टर हात जोडायला लागले, मास्तरांचा उजवा पाय नुसताच हलत होता. मी स्टेजच्या कडेला बसलो. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू. तीन महिने. आणि एका वेलांटीने घालवलं.

मुकादम अजून कागदच बघत होते. "थांबा जरा, मॅनेजरसाहेब," ते म्हणाले. "मला अहवाल द्यायचाय. 'तीन गटारे मोठ्या आवाजात वाजतात काय? प्रत्यक्ष पाहणी करून लिहावे.' हे बघा, साहेबांची सही आहे. आता वेलांटी माझ्या अधिकारात येत नाही. पाहणी येते. वाजल्याशिवाय मी काय लिहू?" आणि त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून तिच्यावर बैठक मारली. "सात ते साडेनऊ. करा चालू."

कायदेकाकांनी मॅनेजरांचा दंड धरला. "पाहणीत अडथळा आणणं किती गंभीर आहे, माहिती आहे का तुम्हाला?" मॅनेजरांना माहीत नव्हतं. काकांनाही नसावं. पण मॅनेजर भिंतीला टेकून उभे राहिले.

स्पीकर मात्र नव्हतेच. डॉक्टरांनी भाड्याच्या स्पीकरवाल्याला फोन केला, तर ते चारही एका कुक्कुटपालन परिषदेत पोचले होते. सुदैवाने सवयीने दवाखान्यातला दोन भोकांचा स्पीकर आणला होता. एक भोक डॉक्टर, एक भोक बाई. गाण्यासाठी मुकादमांनी टँकरच्या टपावरचा भोंगा सोडवून आणला. 'गाड्या बाजूला घ्या' म्हणून ओरडायचा तो. आणि मला? मला पुन्हा तीच साबणाची डबी.

सुरुवात झाली मात्र, आईशप्पथ! मास्तरांनी पाय मारला आणि हॉलची जमीन उडाली. पहिलं गाणं डॉक्टरांनीच रचलेलं होतं, 'सांग कुठे दुखतंय, आ कर.' भोंग्यातून बाईंचा आवाज असा काही फाटून आला की अंगावर काटा! "आ कर, आ कर!" म्हणून बाई ओरडल्या की अख्खा हॉल "आऽऽऽ!" करायचा. दुसऱ्या कडव्याला खिडकीतले लोक उभे राहिले. तिसऱ्याला गमबूटवाले सहाही जण वर येऊन नाचायला लागले, आणि गमबुटांचा आवाज मास्तरांच्या ड्रमच्या वरताण. माझे चार वाचक खुर्चीवर चढले होते! मी वाजवत होतो, घामाघूम होऊन वाजवत होतो, बोटं सोलवटली होती, आणि माझं मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. चमकी शर्ट घालून उभा केलेला पुतळा. समोर बायको बसली होती. ती टाळ्या वाजवत होती, डॉक्टरांकडे बघून.

दोन गाणी झाली. तिसरं सुरू होणार एवढ्यात मुकादम उभे राहिले आणि त्यांनी रस्त्यावर टँकर थांबवतात तसा हात केला.

"एक वाजलं," ते कागदावर खूण करत म्हणाले. "दुसरं वाजलं. तिसरं कुठाय?"

"हे काय," डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे हलतंय. वाजत नाही. अहवालात तीन आहेत, मी दोनांवर सही करणार नाही. तिसरं वाजवून दाखवा. एकटं."

एकटं! मी डबीकडे बोट दाखवून म्हणालो, "यातून एवढंच येतं." अर्थात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. पण मुकादमांना कळलं. त्यांनी बाईंसमोरचा माइक घेतला, वायर उपटली, ती माझ्या गिटारला लावली आणि भोंगा माझ्या पायाशी आणून ठेवला.

"भोंग्यातून खर्ज जात नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "शास्त्र आहे ते."

"आमच्या भोंग्यातून सगळं जातं," मुकादम म्हणाले आणि त्यांनी बटण शेवटापर्यंत फिरवलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी शांतता मी वाचनालयातसुद्धा कधी मिळवली नव्हती. मला चारच सूर पक्के येत होते. त्यातला पहिला मी छेडला.

देवा रे! तो गिटारचा आवाज नव्हताच. जहाज सुटताना भोंगा देतं ना, तसं काहीतरी खोलीत सुटलं. छातीत घुसलं, खुर्च्यांत घुसलं, खिडकीची काच खणखणली, मॅनेजरांच्या हातातली किल्ली खाली पडली. मी दुसरा सूर मारला. तिसरा. चौथा. पुन्हा पहिला. खिडक्यांतले लोक किंचाळले. मास्तरांना राहवेना, त्यांचा पाय सुटला. डॉक्टर घुसले, बाई घुसल्या, माइक नव्हता तर बाई तशाच गायला लागल्या, वर्ग आवरायचा त्यांचा खरा आवाज काढून. आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांना खांद्यावर घेऊन, मी! मी उड्या मारत होतो. एकावन्नाव्या वर्षी, चमकी शर्टात, उड्या! मुकादम डोळे मिटून मान हलवत होते आणि कागदावर तिसरी खूण करत होते.

बायको खुर्ची सोडून गर्दीतून वाट काढत थेट स्टेजपाशी आली. तिचे डोळे भरले होते आणि ती हात हलवून मला काहीतरी सांगत होती. मी वाजवता वाजवता वाकलो.

"काय?"

तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि घसा फोडून ओरडली. काही कळेना.

"काऽऽय?" मी जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यांदा ओरडलो.

तिने माझी चमकी कॉलर धरून मला खाली ओढलं, तोंड माझ्या कानाला लावलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, ऐकू येतंय! तुमचं ऐकू येतंय!"

"काय म्हणतेस?" मी ओरडलो. "माझ्या आवाजात ऐकू येत नाहीये!"